रोबोट वेल्डिंग शिकताय? पॉईंट हलवायच्या आधी पॉवर सोर्स समजून घ्या

बेळगावात खानापूर रोडनं तिसरं गेट ओलांडून उद्यमबाग, पुढं मच्छे-नावगेकडं गेलात की आता एखाद्या शेडच्या दारातून रोबोटचा पिवळा नाहीतर नारंगी हात हलताना दिसतोच, आणि आयटीआय करून नवीन लागलेल्या पोरांना मालक थेट त्याच्यासमोर उभं करतात, हातात पेंडंट (रोबोट चालवायचा रिमोट) देतात आणि म्हणतात शिक. असाच खानापूरकडचा एक पोरगा आमच्याकडं लागला होता. एकदा सकाळी सात वाजल्यापासून तो एका ब्रॅकेटच्या प्रोग्रॅममधले पॉईंट (रोबोटनं कुठं-कुठं जायचं त्या जागा) हलवत बसलेला. "अण्णा, रोबोट लाईन सोडूलाय बघा की, एकदा वेल्डची बीड जाड येऊलीय, एकदा बारीक, आणि मधेच आर्क स्टार्ट एरर." चहापर्यंत त्यानं चौदा पॉईंट बदलले, दोन पीस बरे आले की तिसरा परत बिघडायचा. मी जाऊन फिक्स्चरखाली (पीस पकडणाऱ्या सांगाड्याखाली) हात घातला तर अर्थ केबलचा लग, म्हणजे टोक, चटका बसावा इतका तापलेला, बोल्ट ढिला, खालचा रंग जळून काळा झालेला. बोल्ट आवळला, जुना बॅकअप लोड केला, काम सुरू. रोबोट सकाळपासून बिचारा बरोबरच जात होता.

म्हणून हा लेख. रोबोट फक्त टॉर्च धरून सांगितलेल्या वाटेनं सांगितलेल्या वेगानं जातो, वेल्डिंग करणारा आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, पॉवर सोर्सच्या (वेल्डिंग मशीनच्या) हातात असतो, आणि दोघांच्या मधे जे बोलणं चालतं ते कळलं नाही तर तुम्ही आयुष्यभर पॉईंटच हलवत बसाल. मी इथं मिग-मॅगबद्दलच (गॅसच्या आडोशात सतत सरकणाऱ्या वायरनं होणारं वेल्डिंग) लिहितोय, टिगची गोष्ट वेगळी.

पहिलं काम: पेंडंट खाली ठेवा आणि करंट कुठून कुठं जातो ते बोट ठेवून बघा

पॉवर सोर्सच्या प्लस टोकापासून निघा. केबल वायर फीडरकडं जाते (फीडर बहुतेक रोबोटच्या खांद्या-कोपराकडच्या भागावर बसवलेला असतो), तिथून टॉर्च, टॉर्चमधली तांब्याची टीप, टीपमधून वायर, वायरच्या टोकाला आर्क, मग जॉब (वेल्ड करायचा तुकडा), जॉबखालचं फिक्स्चर, फिक्स्चरवरून परत येणारी केबल आणि शेवटी मायनस. हा एक गोल आहे. कुठंही ढिला झाला की आर्कला कळतंय, तुम्हाला नंतर कळतंय.

आता आपल्याकडं घोळ कुठं होतो, तर या परत येणाऱ्या केबलला पण सगळे "अर्थ" म्हणतात आणि मशीनच्या बॉडीला लावलेल्या हिरव्या वायरला पण "अर्थ"च म्हणतात. दोन्ही वेगळे. हिरवी वायर माणसाला शॉक बसू नये म्हणून, तिच्यातून वेल्डिंगचा करंट कधीच जाता कामा नये. परतीची केबल मात्र सगळाच्या सगळा दोन-तीनशे अँपिअर वाहून नेते. ती ढिली झाली की करंट थांबत नाही, दुसरी वाट शोधतो, पोझिशनरच्या (जॉब फिरवणाऱ्या टेबलाच्या) बेअरिंगमधून जातो, चेन ब्लॉकच्या साखळीतून जातो, नाहीतर शेजारच्या मशीनच्या हिरव्या वायरमधून जाऊन ती जाळतो. फिरणारं टेबल असेल तर त्याला करंटसाठी स्वतःचा ब्रश किंवा फिरता कॉन्टॅक्ट असतो, तो आठवड्याला एकदा उघडून बघायचा. बेअरिंग खरखरायला लागलं की बरेच जण ग्रीस मारतात, आणि करंट बेअरिंगमधून गेला असावा हे कुणाच्या मनातच येत नाही.

केबलची जाडी पण बघा. २० मीटर (जाणं-येणं मिळून) ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल असेल तर ३०० अँपिअरला जवळजवळ ३ व्होल्ट केबलमध्येच संपतात. तीच ७० ची घातली तर दीड व्होल्ट. तुम्ही म्हणाल ३ व्होल्टनं काय होतंय, तर मिगमध्ये एका व्होल्टनं बीडचा चेहरा बदलतो. चांगल्या मशीनला म्हणून व्होल्टेज मोजायची एक वेगळी बारीक वायर असते, ती थेट फिक्स्चरपाशी जोडायची, म्हणजे मशीनला आर्कपाशी खरंच किती व्होल्ट पोचतात ते कळतं. ती वायर तुटली किंवा कुणी "ही कशाला" म्हणून काढून ठेवली की मशीन अंदाजावर चालतं. आणि उरलेली केबल गुंडाळी करून मशीनमागं टांगायची सवय सोडा, पल्स वेल्डिंगमध्ये (करंट झटपट वर-खाली करत चालणाऱ्या) त्या गुंडाळीमुळं पल्सचा आकारच बिघडतो.

दुसरं: पॉवर सोर्सच्या पोटात काय चालतं

आत ४१५ व्होल्टचे तीन फेज येतात. पहिल्यांदा त्याचं डीसी होतं, साधारण ५८० व्होल्ट. मग आयजीबीटी नावाचे स्विच हे डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात (२० हजारांच्या वरच), ते छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून जातं, परत डीसी होतं आणि बाहेर २०-३५ व्होल्टला शेकड्यांनी अँपिअर मिळतात. फ्रिक्वेन्सी इतकी जास्त असल्यामुळं ट्रान्सफॉर्मर लहान चालतो, म्हणून जुना रेक्टिफायर हलवायला तीन माणसं लागायची आणि आताचं इन्व्हर्टर मशीन एकटा माणूस ट्रॉलीवर ढकलत नेतो. स्विचिंग इतकं झटपट असल्यामुळंच आर्कला काय होतंय ते बघून मशीन तिथल्या तिथं करंट बदलू शकतं. एक सांगून ठेवतो, मेन बंद केल्या केल्या कव्हर उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही काही मिनिटं जीवघेणं व्होल्टेज राहतं.

आता हातवेल्डिंग केलेल्यांना चकवणारी गोष्ट. रॉडच्या वेल्डिंगला आपण करंट सेट करतो. मिगमध्ये करंट थेट सेट होतच नाही (अँपिअरचा आकडा टाकलात तरी आत त्याचा वायरचा वेगच होतो). तुम्ही व्होल्टेज देता आणि वायरचा वेग देता, करंट त्या वेगामागून येतो. पॉवर सोर्स व्होल्टेज धरून ठेवतो, म्हणजे टॉर्च जरा जवळ गेली, आर्क आखूड झाला की करंट उसळतो, वायर पटकन वितळते, आर्क परत पहिल्या लांबीवर येतो. लांब झाला तर उलटं. हे आपोआप चालतं, रोबोटला पत्ताही नसतो. १.२ मिलिमीटरची साधी एमएस (माइल्ड स्टील) वायर मिनिटाला ५-६ मीटर सोडलीत तर साधारण २०० अँपिअर दिसतील. मग "करंट कमी येऊलाय" असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न वायर अडकतेय काय हाच असला पाहिजे, म्हणजे लायनर (वायर जाते ती आतली नळी), रोल (वायर ढकलणारी चाकं), टीप.

सिनर्जिक मशीन असेल तर एकच नॉब फिरवला की बाकीचं ते स्वतः जुळवतं, पण त्याला धातू, वायरची जाडी आणि गॅस खरा सांगायला लागतो. मशीनला ८० टक्के आर्गन २० टक्के सीओटू सांगितलंय आणि संपला म्हणून कुणीतरी निव्वळ सीओटूचा सिलिंडर लावला, तर ठिणग्यांचा पाऊस पडणारच, कारण सीओटूला तेवढ्याच करंटला दोन-तीन व्होल्ट जास्त लागतात.

तिसरं: दोघं बोलतात काय

रोबोट कंट्रोलर आणि पॉवर सोर्सच्या मधे एक केबल असते, तिच्यावरून हे सगळं चालतं. जुन्या सिस्टिममध्ये ० ते १० व्होल्टचे सिग्नल, नव्यात डिव्हाइसनेट, इथरनेट आयपी किंवा प्रोफिनेट अशी डिजिटल जोडणी. पॅनासोनिक, ओटीसी यांच्यासारखे रोबोटही आणि वेल्डिंग मशीनही बनवणारे आहेत, तिथं दोन्ही एकाच घरचे असल्यामुळं जोडणी सोपी जाते. फॅनुक, यास्कावा, एबीबी, कुका यांच्या रोबोटसोबत फ्रोनियस नाहीतर लिंकनचं वेल्डिंग मशीन असं दोन घरांचं लग्न असेल तर भाषा जुळवायला वेळ द्यावा लागतो.

एक पॉईंट वेल्ड करताना काय होतं बघा. रोबोट सुरुवातीच्या पॉईंटवर येऊन थांबतो आणि "गॅस सोड" म्हणतो, अर्धा सेकंद किंवा कमी. मग "आर्क लाव", वायर हळू पुढं येते, जॉबला टेकते, ठिणगी. पॉवर सोर्स उलट कळवतो की करंट वाहतोय, आर्क लागला. हा निरोप मिळाल्याशिवाय रोबोट जागचा हलत नाही. ठरलेल्या वेळेत, समजा एक-दोन सेकंदांत, निरोप आला नाही की आर्क स्टार्ट एरर. म्हणजे एरर रोबोटच्या स्क्रीनवर दिसतो पण कारण असतं वायरच्या टोकावरचा गोळा, जॉबवरचा रंग, आधीच्या बीडवर राहिलेला काचेसारखा थर, नाहीतर तो अर्थचा बोल्ट. पेंडंटवर एरर दिसला म्हणून पेंडंटमध्येच उत्तर शोधायचं, ही सगळ्या नव्या पोरांची चूक, मी पण केलीय.

शेवटी पण तसंच. रोबोट थांबतो, करंट कमी करून खड्डा भरतो, वायर बंद होते पण व्होल्टेज क्षणभर चालू राहतं म्हणजे वायर जळून जॉबपासून सुटते, मग गॅस थोडा वेळ चालू. मग पॉवर सोर्स तपासतो वायर चिकटली तर नाही ना. हे वायर स्टिकचं चेकिंग वैताग येतो म्हणून काही ठिकाणी बंद करून ठेवतात. करू नका. चिकटलेली वायर घेऊन रोबोट फुल स्पीडनं निघाला तर टॉर्चची मान वाकते आणि मग प्रोग्रॅममधले सगळेच पॉईंट चुकतात.

स्केलिंग नावाची एक गोष्ट आहे, ती मालकांनाही माहीत नसते. ० ते १० व्होल्टच्या जोडणीत रोबोटला सांगितलंय की १० व्होल्ट म्हणजे ५०० अँपिअर, आणि पॉवर सोर्स ३५० चा आहे, त्याच्या मते १० व्होल्ट म्हणजे ३५०. तुम्ही २०० मागितले, रोबोटनं ४ व्होल्ट पाठवले, पॉवर सोर्सनं दिले १४०. प्रोग्रॅम बरोबर, मशीन बरोबर, वेल्ड कच्चं. मशीन बदलून दुसरं लावलं की असलं हमखास होतं. म्हणून पेंडंटवरचा आकडा आणि पॉवर सोर्सच्या डिस्प्लेवरचा आकडा वेल्डिंग चालू असताना समोरासमोर बघा.

दुसरी पद्धत जॉब नंबरची (इथं जॉब म्हणजे तुकडा नाही, मशीनमध्ये साठवलेलं सेटिंग). रोबोट फक्त "५ नंबर" म्हणतो, बाकी आकडे पॉवर सोर्समध्ये साठवलेले. रात्रपाळीच्या माणसानं मशीनच्या पॅनलवर ५ नंबर जॉब जरा बदलला तर सकाळी रोबोटच्या प्रोग्रॅममध्ये काहीच बदललेलं दिसणार नाही. पॅनलला लॉक असतं, ते वापरा, आणि आकडे वहीत लिहून ठेवा.

चौथं: पहिली बीड मारा, जॉबवर नाही, भंगार प्लेटवर

आधी सेफ्टी, थोडक्यात. शिकवताना मोड टी-१, त्यात रोबोटचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जात नाही. पेंडंटमागचं बटण तीन अवस्थांचं असतं, सोडलं तरी थांबतो, घाबरून गच्च दाबलं तरी थांबतो, त्याला टेप लावून ठेवणाऱ्याच्या हाताखाली काम करू नका. आर्क लावायच्या आधी बाहेर येऊन दार लावा.

मग टीसीपी, म्हणजे वायरचं टोक नेमकं कुठं आहे हे रोबोटला माहीत असणं. टेबलावर टोकदार खिळा उभा करा, वायरचं टोक त्यावर आणा आणि टॉर्च त्या टोकाभोवती फिरवा. टोक हललं नाही तर बरं, दोन मिलिमीटर सरकलं तर आधी टॉर्चची मान बघा.

टीपपासून जॉबपर्यंतचं अंतर १५ मिलिमीटर धरा. अंतर वाढलं की वायरचा बाहेरचा तुकडा लांब होतो, त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि करंटचा आकडा डोळ्यांदेखत खाली येतो, वेल्ड आत शिरत नाही, वरवर बसतं.

६ मिलिमीटरच्या दोन प्लेट टी आकारात टॅक करा, म्हणजे छोट्या टाक्यांनी पकडा. १.२ ची ईआर ७० एस-६ वायर, मिक्स गॅस मिनिटाला १५ ते १८ लिटर, साधारण २०० अँपिअर, २२ व्होल्ट, रोबोटचा वेग मिनिटाला ५० सेंटिमीटर, इथून सुरुवात करा आणि आवाज-बीड बघून व्होल्टेज अर्ध्या-अर्ध्या व्होल्टनं हलवा. किती जाड बीड येणार हे आधीच काढता येतं, मला हा हिशोब फार आवडतो: १.२ वायरचं तोंड १.१३ चौरस मिलिमीटर, मिनिटाला ५.५ मीटर म्हणजे ६२०० घन मिलिमीटर धातू, तो ५०० मिलिमीटरवर पसरला म्हणजे १२.४ चौरस मिलिमीटर, म्हणजे साधारण ५ मिलिमीटर पायाचं फिलेट (कोपऱ्यातलं तिकोनी वेल्ड). वेग दुप्पट केलात तर पाय अडीच होत नाही, साडेतीन होतो. मालक सायकल टाईम कमी कर म्हणाले की हा कागद पुढं करा. आणि युनिट बघा, काही रोबोट मिनिटाला सेंटिमीटर मागतात, काही सेकंदाला मिलिमीटर. ५० सेंटिमीटर प्रति मिनिट म्हणजे ८.३ मिलिमीटर प्रति सेकंद, तिथं ५० टाकलंत तर रोबोट सहापट पळेल आणि प्लेटवर नुसती दोऱ्यासारखी रेघ ओढून येईल.

बीड वरून सुंदर दिसली म्हणून खूश होऊ नका. आडवी कापा, पॉलिश पेपर मारा, नायटल (नायट्रिक ॲसिड आणि अल्कोहोलचं मिश्रण) लावा. आपल्या भागात फाउंड्री आहेत, लॅबमधला माणूस ओळखीचा असेल तर नायटलचे चार थेंब आणि एक चहा, एवढ्यात वेल्ड किती आत गेलंय ते दिसतं.

पाचवं: मशीन दमतंय काय

पॉवर सोर्सच्या प्लेटवर लिहिलेलं असतं ३५० अँपिअर, ६० टक्के. याचा अर्थ ४० डिग्रीला दहा मिनिटांतली सहा मिनिटं ३५० नं चालेल, चार मिनिटं विश्रांती. हातानं वेल्ड करणारा माणूस तसाही थांबतो, टीप पुसतो, काच वर करतो, तंबाखू मळतो. रोबोट तंबाखू मळत नाही. दोन स्टेशनचं टेबल असेल तर तो एकीकडं वेल्ड करेपर्यंत दुसरीकडं जॉब लागतो, आर्क जवळजवळ सलग चालू. सलग चालवायला हेच मशीन साधारण २७० अँपिअरचं समजायचं (३५० गुणिले ०.६ चं वर्गमूळ). टॉर्चला पण हाच नियम. बेळगावची हवा थंड म्हणून आपण निर्धास्त, पण एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली दुपारी किती असतं ते शेडमध्ये उभं राहून बघा. शेजारी ग्राइंडिंग चालत असेल तर लोखंडाची धूळ फॅनमधून आत जाते, मशीन बंद करून, थांबून, कोरड्या हवेनं साफ करत जा.

सहावं: लाईट, जनरेटर आणि आपला पाऊस

३०० अँपिअर २९ व्होल्टला चाललं म्हणजे बाहेर ८.७ किलोवॅट. मशीन ८५ टक्के कार्यक्षम आणि पॉवर फॅक्टर ०.९ धरला तर आत प्रत्येक फेजला साधारण १६ अँपिअर. ऐकायला कमी वाटतं. पण त्याच जनरेटरवर कंप्रेसर असला की तो सुरू व्हायच्या क्षणी व्होल्टेज बसतं, आर्क अडखळतो, आणि बीडमध्ये ठराविक अंतरानं एक गाठ दिसते. असली गाठ दिसली की रोबोटकडं न बघता कंप्रेसरच्या आवाजाकडं कान द्या. तीन फेजमधलं व्होल्टेज मशीन लोडवर असताना मोजा, रिकाम्या मशीनवर मोजून काही कळत नाही. रोबोट कंट्रोलर आणि पॉवर सोर्सला वेगवेगळे ब्रेकर द्या.

मधेच लाईट गेली तर परत सुरू करताना थांबलेल्या जागेपासून १०-१५ मिलिमीटर मागून सुरू करा, अर्धवट खड्डा ग्राइंड करून.

पावसाळ्यात खानापूरकडून वारं-पाऊस आला की शेडची एक बाजू उघडी असते आणि गॅस उडून जातो, वेल्डला जाळी (बारीक भोकं) पडते. लोक गॅस वाढवतात. २५-३० लिटर केलंत तर गॅस नोझलमध्येच घुसळून उलट हवा आत ओढतो. वारा अडवा. आणि वायरचा स्पूल रात्री उघडा ठेवू नका, दमट हवेत वायरला गंज धरला की लायनर आणि टीप दोन्ही जातात.

आर्क सेन्सर आणि टच सेन्सिंगबद्दल

हे दोन्ही नंतर शिकाल पण पाया हाच. टच सेन्सिंगमध्ये वायरवर व्होल्टेज ठेवून रोबोट जॉबला टेकतो, टेकल्याचं कळलं की जॉब किती सरकलाय ते काढतो. जॉबवर रंग किंवा पपुद्रा असेल तर टेकून पण कळत नाही आणि वायर वाकते. आर्क सेन्सरमध्ये रोबोट टॉर्च डावी-उजवीकडं हलवत जातो, कडेला अंतर कमी झालं की करंट वाढतो, दोन्ही बाजूंचा करंट बघून तो मधे राहतो. वर सांगितलेला तोच करंट उसळण्याचा गुण इथं डोळा म्हणून वापरलाय.

वेल्ड बिघडलं की बघायचा क्रम

अर्थचा बोल्ट. टीप (भोक लांबट झालं असेल तर बदला, घासत बसू नका). लायनर आणि रोल, वायर हातानं ओढून बघा. गॅस, रेग्युलेटरवर नाही तर नोझलपाशी मोजून. पॉवर सोर्सचे आकडे आणि गॅस-वायरचं सेटिंग. मग जॉब: कटिंगवाल्यानं प्लेट दोन मिलिमीटर लहान कापली असेल तर फट पडणार आणि रोबोट फटीत आर्क लावणार, त्याला डोळे नाहीत. इथपर्यंत सगळं नीट असेल तरच रोबोट. तो पण लगेच पॉईंट नाही, आधी होमला (रोबोटच्या ठरलेल्या मूळ जागी) नेऊन प्रत्येक ॲक्सिसवरच्या खुणा जुळतात का बघा, आणि बॅकअप घेतल्याशिवाय एकही पॉईंट हलवू नका.

खुणा जुळत नसतील तर एन्कोडरची (सांध्यांची जागा मोजणाऱ्या सेन्सरची) बॅटरी विचारा, कधी बदलली होती. बॅटरी बदलताना कंट्रोलर चालू ठेवायचा, इमर्जन्सी दाबून, आणि मॅन्युअल बघूनच. बंद करून काढलीत की रोबोट स्वतःचे सांधे कुठं आहेत ते विसरतो, आणि मग मात्र खरंच सगळे पॉईंट हलतात.